वाचकांचे प्रश्न: क्लचचं पेडल खालीच राहिलं, ऑईल गेलं कुठे?

नमस्कार मंडळी. या वेळी सगळी जागा एकाच विषयाला देतोय, कारण आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त तक्रारी हायड्रॉलिक क्लचच्या, म्हणजे केबलऐवजी ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गरज नसताना गिअरबॉक्स उतरवायचे पैसे भरलेत, ते वाचून खरंच वाईट वाटलं. सातारच्या वाचकांचा प्रश्न सगळ्यात सविस्तर आहे म्हणून तो आधी आणि त्याचं उत्तरही तेवढंच मोठं, बाकीच्यांना त्यातच अर्धं उत्तर मिळेल.

प्रश्न (सातारा): सर, माझी आठ वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो, पुढे ट्रक होता म्हणून दुसरा गिअर टाकायला क्लच दाबला तर पेडल खालीच राहिलं, पायाने खालून उचललं तेव्हा वर आलं पण एकदम ढिलं. गाडीत आई आणि मुलं होती, कशीबशी कडेला घेतली. टो करून नेली तिथे म्हणाले क्लच सेट गेलाय, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं बदला, २२ हजार सांगितले. ओळखीचा मिस्त्री म्हणाला काही नाही, एअर धरलीय, त्याने ब्रेक ऑईल टाकून एअर काढली आणि पेडल मस्त झालं. चार दिवसांनी परत तेच. आता कोणाचं ऐकू?

उत्तर: दादा, घाटात, गाडीत घरची माणसं असताना असं होणं म्हणजे काय ते मला माहितीय, आधी तुम्ही गाडी शांतपणे कडेला घेतली ते फार चांगलं केलंत. आता प्रश्नाचं. दोघांपैकी कोणाचंच लगेच ऐकू नका, कारण दोघांनीही एक साधी गोष्ट विचारली नाही, की क्लचच्या टाकीतलं ऑईल (या क्लचला ब्रेक ऑईलच लागतं) कमी झालं होतं ते गेलं कुठे?

क्लच प्लेट झिजली की काय होतं ते आधी समजून घ्या. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. म्हणजे क्लच सुटतो, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात, पण परत नीट पकडत नाही. तुमचं बरोबर उलटं आहे, तुमचा क्लच सुटतच नाहीये. आणि प्लेट झिजली म्हणून पेडल जमिनीला चिकटून राहत नाही. एअर काढल्यावर पेडल मस्त झालं, चार दिवस गिअर व्यवस्थित पडले, याचा अर्थ प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आपापलं काम करतायत. म्हणजे अर्धं निदान तुमच्या मिस्त्रीने नकळत करूनच दिलंय. फक्त पुढचं पाऊल त्याने टाकलं नाही. बंद सिस्टिममध्ये हवा अशीच येत नाही हो, जिथून ऑईल बाहेर जातं तिथूनच किंवा टाकी रिकामी झाल्यावर वरून ती आत येते. भोक तसंच ठेवून कितीही वेळा एअर काढली तरी चार दिवस नाही तर चार आठवडे, परत तेच होणार.

हे का होतं ते कळायला आत काय चालतं ते बघू. पेडलला जोडलेला दांडा फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलतो, आपल्याकडे बरेच मिस्त्री याला अप्पर म्हणतात. तिथून पाईपमधून ऑईल खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरमध्ये म्हणजे लोअरमध्ये जातं, त्याचा पिस्टन फोर्क म्हणजे आतला दुशाखी दांडा ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो आणि क्लच सुटतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियमच आहे हा. आता हिशोब करून बघा. समजा अप्परचा व्यास १६ मिलीमीटर आणि लोअरचा २० मिलीमीटर आहे. पूर्ण पेडल दाबल्यावर वरचा पिस्टन २८ मिलीमीटर सरकला तर खालचा साधारण १८ मिलीमीटर सरकतो. आणि त्यात ऑईल किती हललं? साडेपाच मिलीच्या आसपास. म्हणजे घरातला एक चमचा. अख्ख्या क्लचचं काम एक चमचा ऑईलवर चालतं. त्यात एक मिली हवा शिरली की दाब आल्यावर ती हवा दबून जवळपास नाहीशी होते आणि खालचा पिस्टन तीन मिलीमीटर कमी सरकतो, तेवढ्यात रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायला लागतो. दोन-तीन मिली हवा झाली की गिअर पडणं बंद. म्हणून थेंबभर लीक पण क्लचमध्ये सोडायचा नसतो.

आता शोधायचं कसं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद. सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडकतात, तर गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच सुटत नाहीये एवढं पक्कं झालं. मग बॉनेट उघडून टाकी बघा. खूप गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लचचं ऑईल लीक झालं तरी ब्रेकपुरतं ऑईल खाली शिल्लक राहावं. पण लेव्हल त्या नळीच्याही खाली गेलेली दिसली तर मात्र क्लच बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक तपासा, ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

लेव्हल कमी आहे म्हणजे कुठेतरी ओलं असणारच. तीन जागा बघायच्या. पहिली, ड्रायव्हरच्या पायाशी डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारा, पेडलचा दांडा जिथे फायरवॉलमध्ये जातो तिथे रबरी बूटवर हात फिरवा, खालचं मॅटिंग उचलून बघा. तिथे ओलं लागलं, रंगाचे फुगे आलेले दिसले तर अप्परचं मागचं सील गेलं. ही जागा कोणीच बघत नाही कारण वाकून पाहावं लागतं, ऑईल कार्पेटमध्ये मुरतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही, मग लोक म्हणतात लीक कुठेच नाही. दुसरी जागा म्हणजे लोअर. इनोव्हासारख्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसवलेला असतो, त्याचा धुळीचा रबरी बूट हळूच मागे सरकवा, आतून ऑईल ओघळलं तर सील गेलं. बूटमध्ये नुसता ओलसरपणा असेल तर पुसून दोन दिवसांनी परत बघा. तिसरी जागा बेल हाऊसिंगच्या अगदी खालचा भाग, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात. काही गाड्यांत लोअर बाहेर नसतो, गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो, गॅरेजमध्ये त्याला सीएससी (कॉन्सेंट्रिक स्लेव्ह सिलेंडर) म्हणतात, फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये असाच आहे. तो लीक झाला की ऑईल बेल हाऊसिंगमधून खाली टपकतं.

पण तिथून टपकणारं प्रत्येक ऑईल क्लचचंच असतं असं नाही, इंजिनचं मागचं सील गेलं किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं तरी तिथूनच थेंब पडतात. यासाठी घरगुती उपाय सांगतो, मला फार आवडतो. थेंब कागदावर किंवा झाकणात जमा करा आणि ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑईल आणि गिअर ऑईल वर तरंगतं. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास पण येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

बाहेर काहीच ओलं नाही आणि तरी पेडल खाली जातं असं असेल तर एक माणूस पेडल दाबायला बसवा आणि दुसऱ्याने लोअरच्या दांड्याकडे बघायचं. दांडा पूर्ण सरकतोय आणि तरी गिअर पडत नाही तर बिघाड आत आहे, फोर्क वाकला असेल, प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या स्प्रिंगच्या मधल्या पट्ट्या) तुटली असतील, तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं योग्यच. दांडा अर्धवट सरकतोय तर बिघाड ऑईलच्या बाजूला आहे आणि गिअरबॉक्सला हात लावायचं काही कारण नाही. जिथे मधे रबरी होज आहे तिथे गुळगुळीत जबड्याच्या होज क्लॅम्पने होज चिमटून पेडल दाबून बघता येतं, पेडल दगडासारखं घट्ट झालं तर अप्पर चांगला, खाली शोधा, तरीही खाली जातंय तर अप्परच गेलाय. साधी पक्कड लावू नका, होज आतून फाटतो, आणि नव्या गाड्यांतला प्लॅस्टिकचा पाईप तर अजिबात चिमटू नका, तडकेल.

आता रिपेअर. तुमच्या बाबतीत पेडल एकदम खाली राहिलं आणि पायाने उचलावं लागलं, माझा अंदाज अप्पर किंवा लोअर यातलं एक, पण अंदाजावर पार्ट विकत घेऊ नका, वरच्या तीन जागा बघूनच ठरवा. मिस्त्री विचारेल वॉशर किट म्हणजे नुसती नवी सीलं टाकू की पूर्ण सिलेंडर. सिलेंडर खोलून आत फडक्याने पुसा, उजेडात बघा, नखाला चरा किंवा खड्डा लागत असेल तर किट टाकून उपयोग नाही, नवं सील त्याच चऱ्यावर घासून महिन्याभरात जाईल. आतून आरशासारखा असेल तर किट चालतं. पॉलिश पेपरने घासून चकाकी आणायचा प्रयत्न ॲल्युमिनियमच्या सिलेंडरवर करू देऊ नका, वरचा कडक थर निघून जातो. सील बसवताना नवं ब्रेक ऑईल लावायचं किंवा रबरसाठीचं वेगळं ग्रीस, नेहमीचं पिवळं ग्रीस कधीच नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ९२ हजारला मी किटच्या भानगडीत पडणार नाही, चांगल्या कंपनीचा पूर्ण सिलेंडर टाकेन, आणि एक गेला तर दुसराही त्याच वयाचा आहे हे लक्षात ठेवून त्याचा बूट उघडून बघेन.

अप्पर बदलताना पेडलच्या दांड्याची पिन, फायरवॉलवरचे दोन नट, टाकीची नळी आणि पाईपचा नट एवढंच काम असतं, पण पाईपचा नट साध्या पान्याने सोडवला तर त्याच्या कडा गोल होतात, त्यासाठी फ्लेअर पाना मिळतो तोच वापरायला सांगा. बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑईल जातं तो पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे वॉशर नवेच टाकायचे. नवीन अप्पर बसवायच्या आधी बाकावर धरून त्यात ऑईल भरून हवा काढून घेतली तर नंतरचा एक तास वाचतो. आणि पेडलला वर किंचित मोकळी चाल राहिली पाहिजे, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. ती चाल अजिबात ठेवली नाही तर ऑईल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकलं जातं, दाब अडकून राहतो आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहून नवी प्लेट जळते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, नवा सिलेंडर टाकून १५ दिवसांत प्लेट काळी.

एअर काढायची पद्धत सोपी आहे पण घाई चालत नाही. नवं सीलबंद डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल घ्या, टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, अर्धा लिटरची बाटली पुरते. लोअरच्या निपलवर (हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर) रिंग पाना आधी अडकवा, मग पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं ऑईल भरलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल हळू दाबून धरायचं, खालच्याने निपल उघडायचा, बुडबुडे येतात, निपल बंद, मग वरच्याने पेडल सोडायचं. पेडल स्वतःहून वर येणार नाही, हाताने उचलायचं. निपल उघडा असताना पेडल सोडलं की हवा परत आत, बहुतेक वेळा इथेच चुकतं. दर चार-पाच वेळा टाकी बघायची, ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. एवढं करूनही पेडल मऊ राहिलं तर बाहेरचा लोअर सोडवून त्याचा दांडा पूर्ण आत दाबून धरा आणि निपल सगळ्यात वर येईल असा तिरका धरून परत एअर काढा, कोपऱ्यात बसलेली हवा निघते. काही जण मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजने खालच्या निपलमधून ऑईल वर ढकलतात, हवा वरच जाते त्यामुळे ही पद्धत पण छान चालते, फक्त टाकी ओसंडून वाहू देऊ नका.

हे ऑईल रंग खातं. फेंडरवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. डोळ्यात जाऊ नये म्हणून चष्मा लावा. आणि खाली झोपून काम करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा, चाकाला दगड लावा. याबाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

परत कधी रस्त्यात असं झालं तर पेडल पटापट पाच-सहा वेळा दाबा, बहुतेक वेळा तेवढ्यात एखादा गिअर टाकण्याइतका दाब येतो. तेवढ्यात न्यूट्रल करून कडेला घ्या, हॅझर्ड लावा. कडेला घ्यायला गाडी हलवायचीच असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा, गाडी गचका देऊन पुढे जाते, समोर कोणी उभं नाही ना ते आधी बघा. पण हे फक्त धोक्याच्या जागेतून बाहेर पडायला, घाटात आणि ट्रॅफिकमध्ये तसंच घरी जायचा प्रयत्न नको, टो बोलवा.

प्रश्न (डोंबिवली): काका, मी नवीनच गाडी चालवायला लागलेय, जुनी घेतलीय सेकंड हँड. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून थांबते तर थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकायला लागते, परवा पुढच्या रिक्षाला लागता लागता राहिली. पेडल सोडून परत दाबलं की ठीक. मिस्टर म्हणतात तुझा पाय सैल होतो. ऑईल तपासलं, लेव्हल एकदम बरोबर आहे.

उत्तर: ताई, तुमचा पाय सैल होत नाहीये, तुमची गाडी तुम्हाला स्पष्ट सांगतेय काय झालंय ते. दाबून धरलेलं पेडल हळूहळू बसतं आणि ऑईल मात्र कमी होत नाही, याचा अर्थ अप्परच्या आतलं पुढचं सील झिजलंय आणि ऑईल बाहेर न जाता सीलच्या कडेने मागे टाकीकडेच परत जातंय. म्हणून लेव्हल तशीच. पटकन दाबलं की सील थोडं धरतं, सावकाश धरून ठेवलं की सोडतं. मिस्टरांना शेजारी बसवा, मोकळ्या मैदानात ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरमध्ये मिनिटभर क्लच दाबून धरा, इंजिन हळूहळू दबायला लागेल, त्यांनाही दिसेल. अप्पर बदलून घ्या, लगेच, कारण हे एकदा सुरू झालं की मागे जात नाही आणि सिग्नलला पुढे माणसं असतात. तोवर सिग्नलला न्यूट्रल करून थांबा, ही सवय तशीही चांगली, रिलीज बेअरिंगला आराम मिळतो.

टाकीत बघाल तेव्हा ऑईलचा रंगही बघा. काळं झालं असेल तर तो रबराचा भुगा असतो. ब्रेकचं ऑईल बदलताना क्लचची लाईन बरेच जण सोडून देतात, तिथलं वर्षानुवर्षं तेच राहतं.

प्रश्न (कोल्हापूर): १ लाख १० हजारला क्लच सेट बदलला, बिल मोठं झालं. दोन महिन्यांत बेल हाऊसिंगमधून ब्रेक ऑईल टपकायला लागलं. आता म्हणतात आतला सिलेंडर गेला, परत गिअरबॉक्स उतरवायचा, परत मजुरी. मला फसवलंय का?

उत्तर: फसवलं असं मी म्हणणार नाही, पण सल्ला अर्धवट दिला हे नक्की. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सकडे सरकत येतात आणि सिलेंडरचा पिस्टन हळूहळू आत-आत ढकलला जातो. हजारो किलोमीटर तो तेवढ्याच पट्ट्यात मागेपुढे करतो. पुढच्या न वापरलेल्या पट्ट्यावर धूळ, क्लचचा भुगा, ओलावा बसत राहतो. नवी जाड प्लेट टाकली की पिस्टन एकदम बाहेर येऊन त्याच घाणेरड्या पट्ट्यावर चालायला लागतो आणि जुनं, कडक झालेलं सील तिथे कापलं जातं. म्हणून नवा क्लच सेट टाकल्यावर जुना सिलेंडर लवकर जातो, हे बाहेरच्या लोअरलाही होतं, पण तिथे दोन बोल्ट काढले की झालं. आतला सिलेंडर असेल तर तो क्लच सेटबरोबरच बदलायचा, मजुरी तीच असते, फक्त पार्टचे पैसे वाढतात. तुम्हाला हा पर्याय तेव्हा विचारला होता का ते बिल काढून बघा, विचारलाच नसेल तर मजुरीत सूट मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, शांतपणे पण ठामपणे बोला.

गिअरबॉक्स उतरवल्यावर नवी प्लेट स्वतः बघा. तिच्यावर ब्रेक ऑईल उडालं असेल तर नुसतं धुऊन बसवू देऊ नका, लायनिंगमध्ये मुरलेलं ऑईल निघत नाही, गाडी उचलताना थरथरेल. आणि नवा आतला सिलेंडर गिअरबॉक्स परत बसवायच्या आधी पेडल दाबून किंवा हवा मारून तपासायचा नसतो, समोर आधार नसल्यामुळे पिस्टन मर्यादेबाहेर येतो आणि सील तिथेच खराब होतं.

प्रश्न (रत्नागिरी): माझ्याकडून मोठी चूक झाली. क्लच सॉफ्ट लागत होता, टाकीतलं ऑईल कमी दिसलं म्हणून घरात असलेलं पॉवर स्टिअरिंगचं ऑईल त्यात टाकलं. नंतर शेजाऱ्याने सांगितलं ते चालत नाही. गाडी अजून चालू केलेली नाही. काय करू?

उत्तर: गाडी चालू केली नाहीत ते फार फार बरं केलंत. आता पेडलला पाय लावू नका, ना क्लचच्या ना ब्रेकच्या. पॉवर स्टिअरिंगचं ऑईल, इंजिन ऑईल ही खनिज तेलं आहेत आणि ब्रेक-क्लचमधलं रबर त्यात फुगतं, फुगलं की सिलेंडरमध्ये अडकतं आणि मग ब्रेक सुटत नाहीत किंवा लागतच नाहीत. तुमचा फायदा एवढाच की हे तेल ब्रेक ऑईलपेक्षा हलकं असतं आणि त्यात मिसळत नाही, वरच तरंगत राहतं. सिरिंजने वरून सावकाश ओढून काढा, मग टाकीतलं उरलेलं सगळंच काढा. गाडी न चालवता मिस्त्रीला घरी बोलवा, टाकी सोडवून धुवायची, कोरडी करायची, टाकीचं रबर बदलायचं आणि नवीन ऑईल भरून क्लच आणि चारही चाकांची लाईन साफ होईपर्यंत ऑईल बाहेर काढायचं. टाकी सोडवल्यावर तिच्याखालच्या मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी तेलकटपणा दिसला, किंवा चुकून दोन-चार वेळा पेडल दाबलं गेलं असेल तर सांगायला संकोच करू नका, मग सगळी सीलं आणि होज बदलावे लागतात. खर्च मोठा आहे, पण ब्रेकचा प्रश्न आहे.

आणि मूळ प्रश्न राहिलाच, ऑईल कमी का झालं होतं? ब्रेक पॅड झिजले की लेव्हल थोडी खाली येते, ते नैसर्गिक आहे. पण क्लचही सॉफ्ट होता म्हणताय म्हणजे वरच्या तीन जागा बघाच. तुमच्याकडच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट, हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशापर्यंत खाली येते. क्लचचा पाईप एक्झॉस्टजवळून जात असेल तर घाटात वाफ धरून पेडल मऊ पडतं आणि गाडी थंड झाली की परत ठीक. अर्धी उघडी बाटली वर्षभर माळ्यावर ठेवून वापरू नका.

प्रश्न (मुंबई): गाडी चार महिने गावी सावंतवाडीला उभी होती, पूर्ण पावसाळा. आता पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, ऑईल फुल आहे, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. अप्पर-लोअर दोन्ही बदला म्हणतायत.

उत्तर: बदलू नका. पेडल नेहमीसारखं आहे, ऑईल पूर्ण आहे, लोअरचा दांडा पूर्ण सरकतोय का ते एकदा बघून घ्या, सरकत असेल तर हायड्रॉलिकचा काही दोष नाही. ओलाव्याने गंज धरून क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटलीय. गाडी न्यूट्रलवर ठेवून इंजिन चांगलं गरम करा, मग बंद करा. मोकळ्या मैदानात, पुढे निदान १०० मीटर कोणी नाही अशा जागी, क्लच पूर्ण दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्टर मारा. गाडी चालायला लागेल, क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर थोडा द्या-सोडा आणि मधे ब्रेक टिपा. बहुतेक वेळा ‘टक्’ करून सुटते. दोन-तीनदा करून नाही सुटली तर स्टार्टरचा जीव घेऊ नका, मग मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. पुढच्या पावसाळ्यात गावी कोणी असेल तर आठवड्यातून एकदा गाडी चालू करून अंगणात पुढेमागे करायला सांगा.

प्रश्न (मडगाव): माझी जुनी मारुती ८०० आहे, क्लच जड झालाय. क्लचचं ऑईल कुठे टाकायचं ते सापडत नाहीये.

उत्तर: सापडणार नाही कारण त्या गाडीला केबलचा क्लच आहे, ऑईल नसतंच. जड झालाय म्हणजे केबल आतून गंजली किंवा तार उसवायला लागलीय. दोन्ही टोकं बघा, एखादी तार सुटलेली दिसली तर तुटायच्या आधीच नवी केबल टाका, स्वस्त काम आहे आणि तासाभरात होतं. नवी टाकूनही जडच राहिला तर फोर्कची जागा कोरडी पडलीय का आणि प्रेशर प्लेट किती जुनी आहे ते बघायला सांगा.